नवऱ्याचा १५९, दुकानातला १४८ की स्प्लिटबोर्ड?

पत्र:

नमस्कार. मी मूळची नाशिकची, आता सिअ‍ॅटलजवळ बेलव्ह्यूला राहते. स्नोबोर्डिंगचा हा माझा पाचवा हिवाळा. एपिक पास (अनेक स्की रिसॉर्टना चालणारा हंगामी पास) असल्यामुळे बहुतेक शनिवार-रविवार स्टीव्हन्स पास या स्की रिसॉर्टला जातात. ब्लॅक डायमंड, म्हणजे अवघड उतार नीट उतरते, पण गुडघाभर पावडर (ताजा भुसभुशीत बर्फ) पडली की बोर्डाचं नोज (पुढचं टोक) बुडतं, मागची मांडी पेटते आणि दोन रनमध्ये खेळ खलास. माझा बोर्ड १४६ सेंटिमीटर लांबीचा ट्विन आहे. माझं वजन ५८ किलो, उंची १६३ सेंटिमीटर, बूट २४ नंबरचे. पावडरसाठी, आणि हळूहळू बॅककंट्रीत (रिसॉर्टच्या हद्दीबाहेरच्या डोंगरात) जाण्यासाठी नवीन बोर्ड घ्यायचाय. नवरा म्हणतो, माझा जुना १५९ वापर, पैसे कशाला घालवतेस. दुकानदार १४८ चा आखूड-रुंद बोर्ड दाखवतोय, कंबर (मधली रुंदी) २६.२ सेंटिमीटर. ग्रुपमधले मित्र म्हणतात, थेट स्प्लिटबोर्डच (चढण्यासाठी उभा दोन भागांत उघडणारा बोर्ड) घे. बजेट १२०० डॉलर. फेब्रुवारीत नाशिकला आई-बाबांकडे जाणार आहोत, तेव्हा आठवडाभर गुलमर्गही करायचंय. जाता जाता, स्टेप-ऑन बाइंडिंग्ज (पट्ट्यांशिवाय, बूट दाबून अडकवायच्या पकडी) घ्याव्यात का?

– स. दे., बेलव्ह्यू

नमस्कार,

तिन्ही नकोत. तुम्हाला हवाय तो १५० ते १५२ लांबीचा, २४.५ ते २५ सेंटिमीटर कंबर असलेला, डायरेक्शनल (एकाच दिशेने चालवायचा), थोडा टेपर असलेला साधा अखंड बोर्ड. तोही गेल्या वर्षीचं मॉडेल, सवलतीतलं. १२०० मधले निम्मे पैसेसुद्धा त्यावर घालवू नका. उरलेले कुठे जायला हवेत ते खाली येईलच.

पण दुकानात जाण्याआधी एक फुकटचं काम करा. घरातला स्क्रू-ड्रायव्हर घ्या आणि आहे त्याच १४६ वरच्या बाइंडिंग्ज मागे सरकवा. दोन्ही, हं. फक्त मागची सरकवली तर पाय फाकतात आणि संध्याकाळपर्यंत गुडघा बोलायला लागतो. बहुतेक बोर्डांवर स्क्रूच्या भोकांमधलं अंतर २ किंवा ४ सेंटिमीटर असतं, भोकांऐवजी लांब खाच (चॅनल) असलेला बोर्ड असेल तर हवं तितकं सरकवता येतं. ३-४ सेंटिमीटर मागे या आणि पुढच्या पावडरच्या दिवशी फरक बघा. ग्रूमरवर (यंत्राने सपाट केलेल्या उतारावर) बोर्ड जरा विचित्र वाटेल, तेवढं चालवून घ्या.

सोबत बोर्डाच्या तळाला लावायचं वॅक्सही बघून घ्या. तुमच्याकडचा बर्फ शून्याच्या आसपासचा, ओलसर. त्याला उबदार तापमानाचं वॅक्स लागतं. कोरड्या थंडीचं कडक वॅक्स लावून स्टीव्हन्सला गेलात तर सपाटीवर बोर्ड चिकटल्यासारखा होतो, वेग मरतो, आणि वेग मेला की नोज बुडालंच. पावडरमध्ये बोर्ड तरंगतो त्यात त्याच्या आकाराइतकाच वेगाचाही हात असतो. घाबरून ब्रेक लावत उतरणाऱ्या माणसाखाली जगातला कुठलाही बोर्ड बुडतो. तुम्ही ब्लॅक डायमंड उतरता म्हणजे वेगाची भीती नसावी, पण पावडरमध्ये नकळत मागची एज (बोर्डाची धातूची कड) घासत राहण्याची सवय खूप जणांना असते. एकदा कुणाला तरी मागून व्हिडिओ काढायला सांगा.

आता मांडी का पेटते ते. ती कमजोर आहे म्हणून पेटत नाही. ट्विन बोर्ड पुढून-मागून सारखाच असतो आणि पाय बरोबर मध्यावर. भुसभुशीत बर्फात दोन्ही टोकांना सारखाच आधार मिळतो. नोज वर ठेवायचं तर सगळा भार मागच्या पायावर टाकून बसावं लागतं, अर्धवट उठाबशीच्या अवस्थेत, आख्खा उतारभर. डायरेक्शनल पावडर बोर्ड हेच काम तुमच्या मांडीकडून काढून स्वतःकडे घेतो. त्याचा स्टान्स, म्हणजे पाय ठेवायची जागा, मुळातच मागे असतो. नोज रुंद आणि वर वळलेलं असतं. आणि टेल नोजपेक्षा अरुंद असते, त्यालाच टेपर म्हणतात. अरुंद टेलला बर्फ कमी उचलतो, ती आपसूक खाली बसते, नोज आपसूक वर येतं. ही युक्ती नवी नाही. १९७० च्या दशकात युटामध्ये दिमित्रिये मिलोविचने विंटरस्टिक नावाने बोर्ड बनवले तेव्हा त्यांची टेल मधोमध व्ही आकारात कापलेली होती, ती याच कारणासाठी. त्या काळी स्की रिसॉर्ट बोर्डवाल्यांना लिफ्टवर फारसे घेत नव्हते, बोर्ड बनायचे तेच मुळी पावडरसाठी. ट्विन आणि पार्कचा जमाना नंतरचा.

माप घेताना क्रम लक्षात ठेवा: आधी वजन, मग बुटाचा नंबर, आणि उंची सगळ्यात शेवटी. ‘बोर्ड हनुवटीपर्यंत यायला हवा’ हे भाड्याच्या काउंटरवरचं गणित आहे, रांग लवकर हलवायला सोयीचं. बोर्डाला तुमची उंची कळत नाही. त्याला कळतो तुमचा भार आणि तुमच्या टाचेची व बोटांची एजवरची पकड.

याच मापाने आधी नवऱ्याचा १५९ बघू. तरंगायला तो तरंगेल, तुमच्या ५८ किलोंना तर झकास. सरळ रुंद उतारावर पहिल्या रनला तुम्ही म्हणाल, अरे, हे तर फारच सोपं! मग झाडं लागतील. असा बोर्ड साधारण ७५-८० किलोच्या माणसाने दाबल्यावर वाकावा अशा बेताने बनवलेला असतो. तुमच्या वजनाला तो वाकणार नाही, आणि जो बोर्ड वाकत नाही तो वळत नाही, सरळ जात राहतो. स्टीव्हन्सच्या मागच्या बाजूच्या मिल व्हॅलीतल्या दाट झाडीत हे फार महागात पडतं. दुसरी अडचण स्टान्सची. पुरुषांच्या लांब बोर्डांवर भोकांची मांडणीच रुंद असते; सगळ्यात आतली भोकं वापरूनही तुमचे पाय सोयीपेक्षा लांब राहण्याची शक्यता आहे. घरातलीच गोष्ट आहे, टेप लावून मोजा, आणि आकडाच नवऱ्याला दाखवा. वाद मिटेल.

दुकानातला १४८ हा जास्त फसवा पर्याय आहे, कारण त्यामागे खरा विचार आहे. लांबी कमी करायची, रुंदी वाढवायची, म्हणजे क्षेत्रफळ तेवढंच राहतं आणि बोर्ड झाडांमध्ये पटकन फिरतो. दुकानात याला ‘व्हॉल्यूम शिफ्ट’ म्हणतात. या घराण्याची मोठी पेठ जपानमधल्या होक्काइदोत, विशेषतः निसेकोत. तिथल्या तारो तामाईंच्या जेंटेमस्टिकने सर्फबोर्डाच्या वळणाने जाणारे बोर्ड बनवले आणि जगभर त्याचं वेड लागलं. पण तो बर्फ बघा. सायबेरियातून आलेली कोरडी गार हवा जपानच्या समुद्रावरून ओलावा उचलते आणि होक्काइदोवर हलकाफुलका बर्फ जवळजवळ रोज टाकत राहते. उतार बेताचे, बर्च झाडं सुटी सुटी. तिथे रुंद बोर्ड म्हणजे चैन आहे.

तुमच्याकडचा बर्फ पॅसिफिकवरून येतो. भरपूर येतो, यात वादच नाही. माउंट बेकरच्या स्की एरियात १९९८-९९ च्या हंगामात १,१४० इंच, म्हणजे जवळपास २९ मीटर बर्फ पडला आणि तो जागतिक विक्रम ठरला. पण तो जड असतो. तिकडची मंडळी त्याला ‘कॅस्केड काँक्रीट’ म्हणतात ते उगाच नाही. सकाळी दोन तास मऊ, मग लोकांनी तुडवलेले ढेकूळ, दुपारी वर ओलं कवच. अशा बर्फात आखूड बोर्ड ढेकळांवर आपटत जातो आणि लुसलुशीत नोज फडफडतं. शिवाय तुमचा २४ चा बूट. २६.२ सेंटिमीटर कंबरेवर तुमची बोटं आणि टाच एजपर्यंत पोहोचतच नाहीत. पावडरमध्ये ते खपून जातं, पण संध्याकाळी गाडीकडे परतताना कडक झालेल्या उतारावर एज बसवायची तर घोटा जोर लावून लावून दमतो. बॅककंट्रीत तर कडक तिरप्या उतारावर एजने धरून आडवं जावंच लागतं, तिथे घसरायला जागा नसते. हा बोर्ड ७० किलो वजनाच्या आणि २७ नंबरच्या बुटाच्या माणसाला सुरेख आहे. दुकानदाराने लांबीचा आकडा बघून तो ‘लेडीज’ ठरवलेला दिसतो.

मग माझ्या १५०-१५२ वर या. वर सांगितलेल्या कंबरेवर २४ चा बूट दोन्ही बाजूंना जेमतेम एजपर्यंत येतो किंवा किंचित बाहेर राहतो, तेच हवं. टेपर १२ ते १८ मिलिमीटर. २५ च्या पुढे गेलात तर ग्रूमरवर टेल निसटल्यासारखी वाटेल, आणि तुमचे निम्मे दिवस ग्रूमरवरच जाणार, खोटं कशाला बोला. स्टान्स एजच्या मध्यापासून निदान ३ सेंटिमीटर मागे. नोजमध्ये रॉकर (वर उचललेला बाक), पण दोन पायांच्या मधे कॅम्बर (कमानीसारखा बाक). ही शेवटची अट सोडू नका. आख्खा रॉकर बोर्ड पहिल्या दिवशी प्रेमात पाडतो आणि कडक बर्फावर दगा देतो. फ्लेक्स (कडकपणा) दहापैकी सहा. कंपन्यांचे हे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून दुकानात बोर्ड जमिनीवर तिरका धरून मधोमध तळव्याने दाबा. थोडा जोर लावून वाकायला हवा, पण नोज दांडगं लागायला हवं. बायकांसाठीच्या बोर्डांमध्ये असे डायरेक्शनल पर्याय आता बरेच मिळतात. फक्त त्यावर ‘पावडर’ लिहिलंय म्हणून फार मऊ बोर्ड घेऊ नका. पुरुषांच्या यादीतही १५०-१५२ मिळाला आणि वजनाच्या तक्त्यात ५८ किलो मधोमध बसत असतील, अगदी खालच्या टोकाला नव्हे, तर खुशाल घ्या. रंगाकडे बघू नका.

मार्च-एप्रिलमध्ये दुकानं माल काढतात, तेव्हा असा बोर्ड ३५० ते ४५० डॉलरच्या आत मिळायला हरकत नाही. जुना घेतलात तर तीन गोष्टी तपासा: एजला चीर, तळाला आतल्या लाकडापर्यंत गेलेला घाव, आणि कडेने थर सुटलेले. ओरखड्यांचं काही नाही.

आता स्प्लिटबोर्ड. मित्र चुकीचं सांगत नाहीत, घाईने सांगतायत. स्प्लिट म्हणजे उभा दोन भागांत उघडणारा बोर्ड: खाली स्किन (मागे घसरू न देणारी पट्टी) लावून, टाच मोकळी ठेवून स्कीसारखं चालत चढायचं, माथ्यावर स्किन काढून जोडायचा आणि उतरायचं. ज्याला लिफ्ट नसलेल्या डोंगरावर दिवसभर चढायचंय त्याला दुसरा चांगला उपाय नाही. अखंड बोर्ड पाठीवर आणि पायात स्नोशू घालून चढता येतं, पण ताज्या बर्फात तुम्ही प्रत्येक पावलाला रुतणार आणि स्कीवाले मित्र पुढच्या वळणावर थंडीत कुडकुडत तुमची वाट बघणार. दोन वेळा जमतं, तिसऱ्या वेळी ते बोलवत नाहीत.

पण हिशेब करा. बोर्ड, त्याच्या वेगळ्या बाइंडिंग्ज, स्किन्स, कडक चढासाठी क्रॅम्पॉन, घडीचे पोल: नवीन घेतलं तर दीड ते दोन हजार डॉलर सहज जातात. तुमचं बजेट तिथेच संपलं, आणि अजून बीकन (हिमस्खलनात गाडलेल्याला शोधायचं रेडिओ यंत्र) घ्यायचाय. त्यात तुम्ही अजून एकदाही स्किन लावून चढलेल्या नाहीत, निदान पत्रात तसा उल्लेख नाही. काहींना ते चढणंच उतरण्याइतकं आवडतं. काहींना पहिल्या किक-टर्नलाच (चढावर पाय उचलून दिशा बदलतानाच) रडू येतं. तुम्ही कुठल्या, ते भाड्याच्या स्प्लिटवर दोन-तीन दिवसांत कळेल. सिअ‍ॅटलमध्ये तो भाड्याने मिळतो. पुढच्या हिवाळ्यात घ्याल तेव्हा पाठीवरच्या पिशवीचे ५-६ किलो धरून अखंड बोर्डापेक्षा दोनेक सेंटिमीटर लांब घ्या, आणि पायाखाली कॅम्बर बघाच, कारण रॉकर बोर्डाची स्किन बर्फाला पूर्ण टेकत नाही आणि चढावर मागे घसरते.

बोर्डावर वाचवलेले पैसे कुठे घालायचे? बीकन, प्रोब (बर्फात खुपसून शोधायची काठी), फावडं आणि हिमस्खलनाचा कोर्स. याच क्रमाने नव्हे. जमलं तर कोर्स आधी.

तुम्ही स्टीव्हन्सला जाता म्हणून तिथलंच सांगते. १९ फेब्रुवारी २०१२ ला स्टीव्हन्स पासच्या हद्दीबाहेर, टनेल क्रीक नावाच्या उतारावर हिमस्खलन झालं आणि तिघे गेले. नवखे नव्हते, त्या डोंगराची खडानखडा माहिती असलेली, याच धंद्यातली माणसं होती. मोठा गट होता, नवा बर्फ होता, आणि ‘एवढे जाणकार आहेत म्हणजे ठीकच असेल’ असं प्रत्येकाला वाटण्यासारखी स्थिती होती. मला भीती तुमच्या बोर्डाची नाही, तुमच्या ग्रुपची आहे. ‘थेट स्प्लिटच घे’ म्हणणाऱ्या मित्रांना एक प्रश्न विचारा: तुमच्यापैकी कोर्स किती जणांनी केलाय, आणि या हंगामात बीकनचा सराव कुणी केलाय? उत्तरात विनोद आला तर त्यांच्यासोबत लिफ्टच्या हद्दीतच मजा करा.

एआयएआरई या हिमस्खलन-शिक्षण संस्थेचा लेव्हल वन कोर्स २४ तासांचा, म्हणजे साधारण तीन दिवसांचा असतो. वॉशिंग्टनमध्ये हिवाळाभर होतो आणि जागा लवकर भरतात. नॉर्थवेस्ट अ‍ॅव्हलांच सेंटरचा रोजचा अंदाज फुकट आहे. तो बॅककंट्रीत जायच्या दिवशीच बघायचा असतो असं नाही. आत्तापासून रोज सकाळी वाचा, म्हणजे बर्फाचा कुठला थर कधी पडला आणि कधी बिघडला याची गोष्ट डोक्यात तयार होत जाते. धोक्याच्या पाच पायऱ्या असतात आणि तिसरी ‘कन्सिडरेबल’. मधली आहे म्हणून ती बरी असं वाटतं आणि तिथेच माणसं फसतात.

बीकन तीन अँटेनांचा डिजिटल घ्या. मित्राच्या माळ्यावरचा जुना अ‍ॅनालॉग ‘आहे की’ म्हणून घेऊ नका. सगळे बीकन ४५७ किलोहर्ट्झवर चालतात म्हणून कुठल्याही कंपनीचे एकमेकांना सापडतात. प्रश्न वापरणाऱ्याच्या सरावाचा असतो. गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर जगण्याची आशा चांगली असते, पुढे ती झपाट्याने उतरते. बाहेरून मदत येईपर्यंत तेवढा वेळ निघून जातो. म्हणजे शोधणार सोबतचाच माणूस. नवरा बरोबर येणार असेल तर त्यालाही हा सगळा संच आणि कोर्स लागेल, कारण तुमच्या अंगावरचा बीकन त्याला शोधता आला नाही तर त्याचा उपयोग शून्य. बीकन, प्रोब, धातूचं फावडं असा एका माणसाचा संच साधारण ४०० ते ५०० डॉलर. फोन बीकनपासून दूरच्या खिशात ठेवायचा.

एक धोका हद्दीच्या आतही आहे आणि तो तुमच्याच भागात जास्त: ट्री वेल. मोठ्या सूचिपर्णी झाडाच्या खालच्या फांद्यांमुळे बुंध्याभोवती पोकळ, सैल बर्फाचा खड्डा राहतो. त्यात डोकं खाली करून पडलं तर पाय बोर्डाला बांधलेले, हात बर्फात, आणि स्वतःहून बाहेर येणं जवळजवळ अशक्य. म्हणून झाडीत एकटीने जायचं नाही, जोडीदार नजरेच्या टप्प्यात हवा. गळ्यात शिट्टी ठेवा. छोटा, चटकन वळणारा बोर्ड झाडीत हवाहवासा वाटतो तो याचमुळे, आणि १५९ ला माझा विरोधही.

आता गुलमर्ग, जे वाचून मला तुमचा हेवा वाटला. तिथे तुमचा १५०-१५२ चा अखंड बोर्ड पुरेपूर पुरतो, स्प्लिट नसल्याचं वाईट वाटून घेऊ नका. गोंडोलाचा पहिला टप्पा २,६५० मीटरवरच्या गुलमर्गहून कोंगडोरीला नेतो, दुसरा अफरवतच्या खांद्यावर, ३,९०० मीटरच्याही वर. जगात इतक्या उंचीवर इतक्या स्वस्तात नेणारी सोय विरळाच. वर उतरलात की दोन्ही बाजूंना अफाट बॅककंट्री, चढायचं नावाला. बर्फही तुमच्या स्टीव्हन्सपेक्षा थंड आणि कोरडा, तेव्हा निघताना वॅक्स बदला.

पण तिथला बर्फ होक्काइदोसारखा रोज पडत नाही. तो पश्चिमी विक्षोभांबरोबर झुंडीने येतो: दोन-तीन दिवस धो धो, मग कधी कधी दोन-दोन आठवडे निरभ्र कडाका. चिल्लई कलान म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस सगळ्यात थंड, पण थंडी आहे म्हणजे बर्फ असेलच असं नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गची कुरणं तपकिरी होती, त्याचे फोटो तुम्हीही पाहिले असतील. आणि या लांबलेल्या कोरड्या थंडीत खालचा जुना थर साखरेसारखा दाणेदार, सुटा होतो. त्यावर एकदम मोठा बर्फ पडला की वरचा थर निसटायला तयारच असतो. त्याच २०२४ मध्ये फेब्रुवारीत जोरदार बर्फ झाला आणि २२ तारखेला हिमस्खलनात एक रशियन पर्यटक गेला. त्याआधी १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवतवर दोन पोलिश नागरिक गेले. गोंडोलाखालच्या मुख्य बाउलवर (वाटीसारख्या उतारावर) स्की पेट्रोल लक्ष ठेवते. त्या दोरीपलीकडे सगळं तुमच्यावर. म्हणून स्थानिक गाइड घ्या, निदान पहिले तीन दिवस. बीकन घरून न्या. बर्फ पडल्याच्या दुसऱ्या सकाळी वरचा टप्पा बंद असला तर गोंडोलावाल्यांशी भांडू नका, कोंगडोरीच्या खालची फर वृक्षांची झाडी त्या दिवसासाठीच असते.

काही किरकोळ, पण तिथे गेल्यावर आठवून उपयोग नाही अशा गोष्टी. गार्मिनचा इनरीच किंवा तसं कुठलंही सॅटेलाइट उपकरण बेलव्ह्यूलाच ठेवा. भारतात परवान्याशिवाय ते बाळगणं गुन्हा आहे, आणि विमानतळावर ‘हे तर फक्त सुरक्षेसाठी’ हा युक्तिवाद चालत नाही. हिमस्खलनासाठीची एअरबॅग असेल आणि त्यात दाबाची नळकांडी असेल तर विमान कंपनीची परवानगी आधी लेखी घ्या. नाशिकला घेतलेलं प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. आई-बाबांपैकी कुणाचं पोस्टपेड असेल तर तेच आठवडाभर मागून घ्या. गुलमर्गच्या पायथ्याच्या तनमर्गच्या वर बर्फात साखळ्या लावलेली किंवा फोर-बाय-फोर गाडीच जाते, श्रीनगरच्या टॅक्सीवाल्याशी हे आधीच बोलून ठेवा. आणि समुद्रसपाटीवरून येऊन पहिल्याच दिवशी ३,९०० मीटर करू नका, डोकं धरून बसाल. पहिला दिवस खालच्या टप्प्यावर.

घडीचे पोल मात्र नक्की घ्या, स्प्लिट नसला तरी. गुलमर्ग हे सपाट कुरण आहे. वरून मोठ्या थाटात उतरता आणि शेवटचे काहीशे मीटर कंबरभर बर्फात एक पाय सोडून ढकलत जावं लागतं, तोवर स्कीवाले चहा पीत असतात. सपाटी दिसायला लागली की वेग राखा, वॅक्सचा उपयोग तिथे कळतो.

स्टेप-ऑनबद्दल: आत्ता नको. लिफ्टच्या दिवसांसाठी त्या फार सोयीच्या आहेत, पण गुडघाभर बर्फात पाय घालताना टाचेखाली बर्फ दाबून बसतो, खटका लागत नाही, आणि उतारावर उभं राहून तो खरवडत बसावं लागतं. शिवाय त्यांना त्यांचेच बूट लागतात, म्हणजे आणखी खर्च. तुमच्या आहेत त्या पट्ट्यांच्या बाइंडिंग्ज नव्या बोर्डावर लावा. डिस्कची भोकं नव्या बोर्डाशी जुळतात का एवढं दुकानात बघून घ्या.

आणि १४६ विकू नका. पैसे फार येणार नाहीत, आणि हंगामाच्या सुरुवातीला, खडक अजून पुरते झाकलेले नसताना, नव्या बोर्डाचा तळ फाडून घेण्यापेक्षा तोच न्या. नवऱ्याला १५९ परत द्या आणि बीकनच्या सरावाची तारीख त्यालाच ठरवायला सांगा.